एक सुटलेला स्वर

कार्तिकात वर्ध्याजवळच्या आमच्या बोरगावला दिवसा ऊन चटकतं आणि रात्रीचे नऊ वाजले की स्लॅबवर पाय ठेवताना तळव्याला गारवा लागतो. २०१५ च्या कार्तिकातल्या एका रात्री मी अशीच वर गेले. घरामागे तेव्हा एक वावर शिल्लक होतं. तिन्ही बाजूंनी प्लॉट पडलेले, मधोमध काळ्या मातीचा तेवढा एक तुकडा आणि त्यात पऱ्हाटी उभी. सीतादहीची पूजा होऊन पहिली वेचणी उरकली होती. त्यानंतर फुटलेली बोंडं अंधारात पांढरी दिसत होती. मी खाटेवर बसले, कानांत इअरफोन घातले आणि पाच वर्षांत पहिल्यांदा एक अख्खा अल्बम, मध्ये न उठता, ऐकला.

साडेचार वर्षं आत्या लकव्यानं अंथरुणावर होती. तिची डावी बाजू गेली होती. इअरफोन घातले तर तिची हाक कानावर येणार नाही, एवढ्या साध्या कारणानं माझं गाणं ऐकणं सुटलं. सोडायचं असं ठरवलं नव्हतं. एक रात्र राहून गेलं, मग दुसरी, मग सवयच गेली. त्या वर्षीच्या वैशाखात आत्या गेली. नंतरचे सहा महिनेही मी कान उघडेच ठेवून झोपत होते.

तो अल्बम होता न्यू ऑर्डर या इंग्रज बँडचा 'म्युझिक कम्प्लीट'. २५ सप्टेंबर २०१५ ला तो बाहेर आला. या मंडळींनी नव्यानं बसवलेला अल्बम त्याआधी २००५ मध्ये आला होता, म्हणजे मध्ये दहा वर्षं गेली. त्या दहा वर्षांत बँड जवळजवळ मोडला होता. बेस गिटार वाजवणारा पीटर हुक २००७ मध्ये बाहेर पडला, आणि त्याच्याशिवाय हा बँड असू शकतो हे त्याला स्वतःला आणि माझ्यासारख्या पुष्कळांना पटत नव्हतं. २००१ पासूनच्या अल्बमांमध्ये गिटारी पुढे आल्या होत्या आणि यंत्रांचे आवाज मागे सरकले होते. आणि जिलियन गिल्बर्ट, त्यांची कीबोर्ड वाजवणारी, मुलीच्या आजारपणामुळे २००१ मध्येच घरी थांबली होती.

जिलियन २०११ मध्ये परत आली. 'म्युझिक कम्प्लीट' हा तिच्या परतण्यानंतर नव्यानं बसवलेला पहिला अल्बम, आणि त्यात सिंथेसायझर पुन्हा मधोमध येऊन बसले. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

पहिलं गाणं, 'रेस्टलेस', गिटारीवर चालतं. ऐकताना वाटलं, बरं आहे, ओळखीचं आहे. दुसऱ्यात जमीन जराशी थरथरली. त्याची निर्मिती केमिकल ब्रदर्समधल्या टॉम रोलंड्सची, नाचाच्या संगीतात मुरलेल्या माणसाची. तिसरं 'प्लॅस्टिक' सुरू झालं तेव्हा मी मांडी मोडून पाय खाली सोडले. खालच्या पट्टीतला एकच ठोका, अखंड, पाण्याच्या मोटरीसारखा एका लयीत, आणि त्याच्यावर हळूहळू एकेक आवाज येऊन बसत जातो. सात मिनिटं. पन्नाशी ओलांडलेली ही माणसं नव्या पोरांसारखं वाजवत नव्हती. त्यांनीच तीस वर्षांपूर्वी पेरलेलं होतं, ते पीक दुसऱ्यांच्या वावरात वाढलेलं बघून ती आपल्या बांधावर परत आली होती.

आमच्या बोरगावच्या मातीचं आणि या लोकांच्या गावाचं नातं मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

हा बँड मँचेस्टरचा. मँचेस्टर म्हणजे कापसाचं गाव, पण त्या गावाभोवती कापसाचं एक झाड उगवत नाही. कापूस यायचा अमेरिकेतून. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना टाळी लागली. त्या कापूस-दुष्काळात व्यापाऱ्यांची नजर इकडे वळली, वऱ्हाडाकडे आणि वर्धा नदीच्या अलीकडच्या या काळ्या पट्ट्याकडे. हिंगणघाटचा कापूस तिथल्या बाजारात गावाच्याच नावानं ओळखला जायचा. १८६२ मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला, १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवलं, १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. आमचं शहर, त्याचे सरळ रस्ते, त्याचं स्टेशन, सगळ्याच्या मुळाशी सरकी काढलेल्या कापसाची गाठ आहे.

त्याच १८६२ च्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली. कापूस नाही म्हणून त्यांच्या चुली बंद होत्या. तरीही गुलामांच्या हातचा कापूस पुन्हा सुरू व्हावा असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं. ही गोष्ट वाचली त्या दिवशी मी बराच वेळ काही करू शकले नाही. उपाशी माणसं दुसऱ्याच्या हातांचा विचार करत होती.

महायुद्धात त्या हॉलवर बाँब पडले, तो पुन्हा बांधला गेला. ४ जून १९७६ रोजी त्याच इमारतीतल्या छोट्या सभागृहात सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवायला आला. ऐकणारे थोडकेच होते. त्यांत सॅलफर्डचे दोन पोरगे होते, बर्नार्ड सम्नर आणि पीटर हुक. गिरण्या तोवर बंद पडत आल्या होत्या, काळवंडलेल्या विटांच्या रिकाम्या वखारी उभ्या होत्या. त्या दोघांना इयन कर्टिस हा गाणारा आणि स्टीफन मॉरिस हा ड्रमवाला मिळाला आणि त्यांचा जॉय डिव्हिजन झाला. पंकचा धिंगाणा ओसरल्यावर त्याच मोजक्या वाद्यांतून अधिक थंड, अधिक आतलं काही शोधणारं जे संगीत आलं, त्याला पोस्ट-पंक म्हणतात. १९७९ चा त्यांचा पहिला अल्बम ऐकताना मला नेहमी मोठ्या रिकाम्या शेडमध्ये कुणीतरी एकटं उभं असल्यासारखं वाटतं. पुलगावची गिरणी बंद पडल्यावर तिच्या भिंतीकडेनं जाताना असंच वाटायचं.

१८ मे १९८० ला इयन कर्टिसनं आयुष्य संपवलं. तो तेवीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी बँड अमेरिकेला निघणार होता. उरलेल्या तिघांनी जुनं नाव ठेवलं नाही, ते न्यू ऑर्डर झाले. त्याच वर्षी जिलियन आली. ती स्टीफनची मैत्रीण, कर्टिसच्याच मॅकल्सफील्डमध्ये वाढलेली. रेशमाच्या गिरण्यांचं गाव ते. आणि गाणाऱ्याच्या जागेवर जी पोकळी पडली होती तिथं हळूहळू यंत्रं आली. दुसरा कुणी तशाच आवाजाचा माणूस आणून बसवायचा, हे त्यांनी केलं नाही. मला यात फार मोठा आदर दिसतो. गेलेल्याची जागा माणसानं भरली असती तर रोज तुलना झाली असती. यंत्राची कुणाशी तुलना करणार?

मला हे सगळं पुण्याच्या वसतिगृहात मिळालं, १९९३ मध्ये, एका मैत्रिणीनं भरून दिलेल्या कॅसेटवर. तिच्यावर 'ब्लू मंडे' होतं. दिवाळीच्या सुट्टीत ती कॅसेट बोरगावला आणली आणि माजघरात लावली. आत्या पेटीचरख्यावर बसली होती. सुरुवातीचा तो ड्रम मशीनचा दणका, एकामागं एक, माणसाच्या हातानं शक्य नाही असा, सुरू झाला. आत्यानं मान वर केली.

"काय ऐकून रायली व हे? हे तं जिनातल्यासारखं वाजून रायलं."

तिला वाईट म्हणायचं नव्हतं. लहानपणी ती वडिलांबरोबर कापसाच्या बंडीवर बसून सरकी काढायच्या जिनात जायची, तो आवाज तिच्या आवडीचा होता. साडेसात मिनिटांचं गाणं तिनं पूर्ण ऐकलं. उजवा हात चाक फिरवत होता, डावा सूत काढत होता, आणि मध्ये कधीतरी दोन्ही हात गाण्याच्या लयीत गेले होते. मी तिच्याकडे बघतेय हे कळल्यावर ती परत आपल्या लयीत आली.

आता त्या गाण्यातली मला सगळ्यात जवळची गोष्ट. 'ब्लू मंडे' १९८३ च्या मार्चमध्ये आलं. तेव्हा सीक्वेन्सर हे यंत्र नवं होतं. स्वर आधी एकेक करून त्यात भरायचे, मग ते ठरल्या क्षणी ठरला स्वर वाजवतं. सम्नरनं सुटे भाग आणून ते स्वतः जोडलं होतं. त्यात स्वर भरण्याचं काम जिलियनकडे आलं. तिनं अख्खं गाणं कागदांवर उतरवून घेतलं आणि ते कागद एकाला एक चिकटवले. पट्टी स्टुडिओच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचली. तिनंच पुढे सांगितलंय की ते विणकामाच्या मोठ्या नमुन्यासारखं दिसत होतं. ती एकेक स्वर बघून भरत गेली आणि त्यात एक स्वर सुटला. एकच. त्यामुळे सुरावट ठोक्यापासून किंचित सरकली. ऐकल्यावर सगळ्यांना ते तसंच बरं वाटलं, आणि ते तसंच राहिलं.

म्हणजे ज्या गाण्याला जगभर यंत्राचं गाणं म्हणतात, त्याचा जीव एका बाईच्या हातून सुटलेल्या स्वरात आहे. यंत्र बिनचूक वाजवत होतं. चूक हाताची होती, आणि त्या चुकीमुळेच गाणं लंगडत नाही, डुलतं.

आत्याचं सूत तुटायचं तेव्हा ती गाठ मारायची नाही. गाठ विणकराच्या फणीत अडकते. ती चातीवरून हातभर सूत उलगडायची, तुटलेलं टोक बोटांत घेऊन त्याचा पीळ जरा सैल करायची, पेळूच्या तोंडाशी मोकळ्या झालेल्या तंतूंवर ते आडवं ठेवायची आणि चाक अगदी अर्धं फिरवायची. पीळ चढत यायचा आणि टोक आत घ्यायचा. मग ती दोन बोटांनी त्या जागेवरून एकदा हात फिरवायची आणि स्वतःशीच म्हणायची, "जुयलं." त्या जागी सूत केसाएवढं जाड राहायचं. डोळ्याला दिसायचं नाही, बोटाला लागायचं. तिच्या सुताच्या धोतराला मी लहानपणी गाल घासायचे तेव्हा असे कितीतरी सांधे गालाला लागायचे. ते कपड्यातले दोष आहेत असं मला कधी वाटलं नाही. आपल्या माणसाचं सूत असं त्यावरून ओळखू यायचं.

वर्ध्यात राहून हात आणि यंत्र यांच्याबद्दल विचार न करणं अवघड आहे. आमच्याकडे तो पुस्तकातला प्रश्न नाही. डिसेंबर १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला तो इथेच, मगनवाडीत. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले आणि ते गाव सेवाग्राम झालं. आत्या टकळी शिकली ती गांधीजींच्या नयी तालीमच्या धर्तीवर चालणाऱ्या शाळेत. पण गांधीजींना यंत्राचा शत्रू म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. चांगला चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस त्यांच्याच चरखा संघानं १९२९ मध्ये लावलं होतं, आणि चरखा यंत्र नाही तर काय आहे? सिंगरच्या शिवणयंत्राला तर त्यांनी उघड सूट दिली होती. ते यंत्र बायकोचे शिवताना होणारे कष्ट बघून, तिच्यावरच्या मायेपोटी निघालं, असं ते सांगत. हाताला बेकार करणारं यंत्र आणि हाताला आधार देणारं यंत्र असा तो फरक होता. १९३१ च्या सप्टेंबरात ते लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले. ज्यांचं कापड इथं जाळलं जात होतं त्या गिरणीतल्या बायांनी त्यांच्याभोवती गर्दी केली. त्या भेटीच्या फोटोत सगळ्या हसताहेत, गांधीजीही. मला त्या बायांच्या वर गेलेल्या हातांकडे बघत राहावंसं वाटतं.

यंत्रांवर गाणं बसवणं आपल्याकडे कुणी केलं नाही असं नाही. १९८२ मध्ये, म्हणजे 'ब्लू मंडे'च्या आधी, मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं समोर मांडून भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. आयुष्यभर सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवलेला माणूस तो. त्यांनी रागाची चाल, त्याची मींड यंत्राला शिकवायचा प्रयत्न केला. रेकॉर्ड कुणाच्या खिजगणतीत नव्हती. २०१० मध्ये ती नव्यानं छापली गेली, आणि त्या तबकडीत पुढे येणाऱ्या नाचाच्या संगीताची चाहूल आहे म्हणून लोक थक्क झाले. सत्तरीत त्यांना परदेशातल्या मंचांवर बोलावलं गेलं. २०१५ च्या जुलैत ते गेले. एका गिटारी बँडनं यंत्रांशी सोयरीक केल्याचंही उदाहरण मुंबईतच आहे: पेंटाग्रामचा पहिला अल्बम १९९६ मध्ये आला, आणि सहा वर्षांनी 'अप' आला तो इलेक्ट्रॉनिक आवाज घेऊन. पण मला हुरहूर लागते ती चरणजितजींची. त्यांच्या ललितमध्ये दोन मध्यम शेजारी येतात तेव्हा ते यंत्र क्षणभर अडखळल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यातच पहाट होते.

पुन्हा त्या रात्रीकडे येते.

सहावं गाणं 'स्ट्रे डॉग'. त्यात एरवी गाणारा सम्नर गात नाही. एक म्हातारा, खरखरीत, खोल आवाज बोलत राहतो, भोवती यंत्रं फिरत राहतात. तो आवाज इगी पॉपचा. इयन कर्टिस गेला त्या रात्री त्यानं लावलेली शेवटची रेकॉर्ड इगी पॉपची होती. पस्तीस वर्षांनी त्याच्या जुन्या सोबत्यांनी त्याच माणसाला आपल्या गाण्यात बोलावलं. मनात काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी ते गाणं चालू असताना इअरफोन काढले नाहीत, पण खाली आत्याच्या खोलीच्या खिडकीकडे नजर गेली. तिचा पेटीचरखा मी तिथेच ठेवला होता. लकवा झाल्यावर ती कधीकधी तो उशाशी मागायची. चाक फिरवणारा उजवा हात शाबूत होता, सूत काढणारा डावा गेला होता. ती नुसतं चाक फिरवायची. चाती फिरायची, माळ कुरकुरायची, सूत नाही. पहिल्या वर्षी मला ते बघवत नसे. पुढे मी तिच्या डाव्या बाजूला बसून पेळू धरायला लागले. ती फिरवायची, मी काढायची. माझं सूत फार तुटायचं. तिचा अर्धा चेहरा हसायचा.

अल्बम सगळाच सारखा उतरलाय असं नाही. शेवटच्या गाण्यात गोडवा जरा जास्त झालाय, आणि पीटर हुकची बेस नाही हे कानाला पदोपदी कळतं. तो बेस गिटार वरच्या तारांवर, गाण्यासारखी वाजवायचा. नवा वाजवणारा चांगला आहे, पण त्या जागी आलं की मन थबकतं आणि ऐकू न आलेलं ऐकतं. सम्नर आणि हुक या दोन माणसांचं भांडण आणि त्यात एवढा मोठा आवाज हरवणं, याचं मला खरंच वाईट वाटतं. जिलियन परत आली आणि हुक नाही, एवढंच त्या बँडच्या नशिबी होतं.

शेवटचं गाणं संपता संपता गल्लीच्या तोंडाशी उजेड झाला. तुळशीची लग्नं लागून गेली होती, वराती सुरू झाल्या होत्या. पुढे वाजवत येत होती आमच्याच भागातली धुमाल पार्टी. आधी तिचा साधा बँड होता, लाल कोट, पितळी वाद्यं. त्यांचा क्लॅरिनेट वाजवणारा म्हातारा गेला आणि बँड विखुरला. कुणी हमाली धरली, कुणी ऑटो. तीन वर्षांनी त्याच्या पुतण्यानं कर्ज काढून कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आणले, गाडीवर भोंगे बांधले, आणि जुन्यांतले ढोल-ताशावाले परत बोलावले. लोक म्हणाले, पितळीची शान गेली. मलाही ती आठवते. पण परवापर्यंत ऑटो चालवणारा ताशावाला पुन्हा ताशा बांधून उभा होता, हे मी स्लॅबवरून बघत होते.

वरात घरासमोर आली आणि जनरेटर बंद पडला. दिवे गेले, कीबोर्ड गेला, ऑक्टोपॅड गेलं. ताशा आणि ढोल थांबले नाहीत. अंधारात नुसत्या काड्यांचा आवाज, आणि नाचणाऱ्यांचे पाय. कुणीतरी दोरी ओढली, एकदा, दोनदा, जनरेटर धडधडला, दिवे आले. पुतण्यानं कीबोर्डवरचा ठेका पुन्हा सुरू केला तो ढोलाच्या अर्धा पाऊल मागे पडला. दोन ठेके एकमेकांना ढकलत चालले. ताशावाल्यानं मान वळवून गाडीवर बघितलं आणि काड्या अगदी थोड्या सैल सोडल्या. ढोलानं ते ऐकलं. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्याच्या शेवटी दोन्ही एकाच मात्रेवर उतरले.

"जुयलं," मी म्हणाले. इअरफोन माझ्या मांडीवर पडले होते.